डावी कळी

माझ्या आईने माझ्या हातावर आयुष्यात एकदाच दही घातलं. गेल्या एप्रिलमध्ये, सकाळी पावणेसातला, मी दापोलीची गाडी पकडायला निघाले होते तेव्हा. मी एक्केचाळीस वर्षांची होते.

आमच्याकडे कोणी परगावी निघालं की घरातली बाई त्याच्या उजव्या हातावर चमचाभर दही आणि वर चिमूटभर साखर घालते. निघणारा ते चाटतो आणि मग उंबरा ओलांडतो. माझ्या मैत्रिणींच्या आया विसरल्या तर वाटी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावायच्या. माझी आई धावणं सोडाच, दारातसुद्धा यायची नाही. मी दहावीच्या परीक्षेला गेले, डी.एड.ला गेले, दापोलीला शाळेत रुजू व्हायला गेले, दर वेळी ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "जपून जा गो," आणि आत भांडी वाजायला लागायची. मला वाटायचं, आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून तिने हे बंद केलं. एकदा रागाने मी तिला म्हटलंही होतं, "पाळकसाहेबांच्या बायकोनेसुद्धा मुलाला दही दिलं परवा. तू त्यांच्याहून मोठी ख्रिस्ती लागून गेलीस का?" ती भांडी घासत राहिली. मी तोंडाची फटकळ आहे. वर्गातली मुलं मला टरकून असतात आणि घरात आई होती, जिला पळून जायला जागा नव्हती.

वडील बोटीवर होते. मालवाहू जहाजावर दहा महिने काढायचे आणि दोन महिने घरी यायचे. मी बारा वर्षांची होते त्या वर्षी ते गणपतीच्या आधी आले आणि वीस दिवसांत पुन्हा बोटीवर जायचं कबूल करून बसले. हे त्यांनी मित्रांना सांगितलं, आईला नाही. आईला ते मच्छी मार्केटात एका कोळणीकडून कळलं. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. निघायच्या सकाळी मात्र दह्याची वाटी ओट्यावर तयार होती, कारण रागातही हात आपलं काम करतात. वडील स्वयंपाकघराच्या दारात आले, पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केला. थोडे हसतही होते. आई भाकरी थापत होती. तिने मान वळवली नाही. म्हणाली, "तुमी आलात काय नि नाय आलात काय, आमचा काय अडत नाय."

मी पडवीच्या उंबऱ्यावर वेणी घालत बसले होते. वडिलांनी हात जरा वेळ तसाच धरला. मग तो रिकामा हात पँटला पुसला, जसं काही त्याला दही लागलं होतं, आणि पिशवी उचलून गेले.

दीड महिन्याने कंपनीचा माणूस आला. वडील कुठल्याशा परक्या बंदरात जहाजाच्या तळात पडून गेले होते. तीन आठवड्यांनी पेटी आली. झाकण उघडू नका, असं सांगितलं होतं, म्हणून कोणी उघडलं नाही. आई पेटीच्या कडेला दोन्ही हात ठेवून बसली होती आणि रडत नव्हती, हे बघून बायका घाबरल्या. त्या सकाळबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही आणि मीही नाही. मला वाटायचं, ते मला एकटीलाच आठवतंय.

दोन वर्षांनी आमच्या मागच्या खोलीत एक नर्स भाड्याने राहायला आली. नगरकडची होती, ख्रिस्ती, पन्नाशीची. आई तिला सिस्टर म्हणायची. सिस्टर संध्याकाळी कपडे वाळत घालताना मोठ्याने गाणी म्हणायची, बेसूर आणि आनंदात. आई ऐकत राहायची. पुढे दोघी मिळून भाजी निवडायला बसू लागल्या, आणि मग एका रविवारी आई तिच्याबरोबर प्रार्थनेला गेली. त्या सभा तेव्हा एका निवृत्त कारकुनाच्या हॉलमध्ये व्हायच्या. सतरंजीवर वीस-पंचवीस माणसं बसायची. मीही जायला लागले, कारण घरी एकटी बसून काय करणार. आणि मला ते पटलं. देव आपल्याला आपल्या गुणांवर घेत नाही, येशूसाठी घेतो, फुकट घेतो, हे ऐकलं तेव्हा मला परीक्षा रद्द झाल्यासारखा आनंद झाला. मला पुढे कधी शंका आली नाही. म्हणूनच बहुधा शेजारी बसलेल्या बाईची शंका मला दिसली नाही.

मी पंधराची असताना आम्ही दोघींनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. मामा आदल्या आठवड्यात येऊन गेला होता. आईचं माहेर लांज्याकडचं, गावच्या देवळात त्यांच्या घराला मान. मामा चिडला नाही. पडवीत बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "शिमग्याला आता तू येव नको. लोक बोलतील, नि माज्याच्यान ऐकवणार नाय." आई हो म्हणाली. त्यानंतर ती माहेरी गेली नाही.

सव्वीस वर्षं ती त्या सभेला गेली. सभेचं पुढे छोटं ख्रिस्ती देऊळ झालं, पत्र्याचं, मग स्लॅबचं. आई त्यात सगळ्यांची काकी झाली. कोणाचं बाळंतपण असो, कोणाचं कुणी गेलेलं असो, ती तिथे. दुसऱ्यांसाठी ती अशी प्रार्थना करायची की माणसं मुद्दाम तिच्याकडे यायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर मोडून सगळे तुकडा घेतात आणि पेल्यातला घोट घेतात, येशूने आपल्यासाठी जीव दिला त्याची आठवण म्हणून. आमच्याकडे भाकर म्हणजे चपाती, आणि ती चपाती शनिवारी संध्याकाळी माझी आई करायची. द्राक्षाचा रस मिळाला नाही तर कोकमही तीच काढायची. आणि ताट फिरायला लागलं की ती उठून मागे जायची, सगळ्यांच्या चहाचं आधण ठेवायला.

सव्वीस वर्षं तिने ती चपाती केली आणि एक तुकडा खाल्ला नाही. मला दिसायचं, आणि राग यायचा. तिला सगळीकडे मोलकरीण व्हायची हौस आहे, असं मी समजायचे. बसायचीही दाराजवळ, चपलांच्या शेजारी.

गेल्या वर्षी जानेवारीत तिला अन्न जाईनासं झालं. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कोल्हापूरला पाठवलं, कोल्हापूरहून परत पाठवलं. पोटातलं दुखणं यकृतापर्यंत गेलं होतं. घरी ठेवा, म्हणाले, दुखणार नाही एवढं बघा. मी फेब्रुवारीपासून रजा टाकली आणि घरी आले. तिची खाट आम्ही पुढच्या खोलीत घेतली, जिथून तिला अंगणातली तगर दिसायची.

ती दुखण्याला घाबरत नव्हती. पण दुसरं काहीतरी होतं. दुपारी डोळे मिटलेले असले तरी ती झोपलेली नसायची. हात पोटावर, बोटं एकमेकांत अडकवलेली, आणि चेहरा असा की जणू ती दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघतेय. मार्चमध्ये एकदा आमच्या सभेचे पाळकसाहेब भेटायला आले. भला माणूस आहे. म्हणाले, "काकी, तुम्हाला काय चिंता? तुमच्यासाठी तर प्रभूने जागा राखून ठेवलीय." आईने भिंतीकडे तोंड केलं. ते गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. माणूस एवढ्या उन्हाचा आला, दोन शब्द तरी नीट बोलायचे.

ती म्हणाली, "तो बोलला ता बरोबर हाय. पन माज्यासाठी नाय."

"म्हणजे?"

"माला नाय घेतलान त्यानं. माला ठावक हाय."

मी खुर्ची ओढून बसले. मग तिने भिंतीकडेच तोंड ठेवून सांगितलं.

आमच्या बाजूला देवाला कौल लावतात, हे इथल्या माणसांना सांगायला नको. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, काही अडलं-नडलं तर देवळात जाऊन देवाला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतात आणि वाट बघतात. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. आईचे वडील, माझे आजोबा, देवळात कौल लावताना असायचे. आंघोळीशिवाय कळीला हात लावायचे नाहीत. डावी पडली तर कितीही मोठ्या माणसाचं काम असो, डावी पडली म्हणूनच सांगायचे. आई तिथे लहानाची मोठी झाली. देवाचं मन कळतं आणि दहा मिनिटांत कळतं, ही गोष्ट तिच्या हाडात होती.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दुपारी मी शाळेत असताना तिने आंघोळ केली, तगरीच्या दोन कळ्या आणल्या आणि सिस्टरने दिलेला लाकडी क्रूस स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता त्याच्या दोन्ही हातांवर एकेक कळी पाण्याने लावली. आणि विचारलं. मी नवऱ्याला जे बोलले, तेच शेवटचं ऐकून ते गेले. त्यांना दही नाही दिलं. हे तू पोटात घालणार असशील, मला घेणार असशील, तर उजवी दे.

"डावी पडली," आई म्हणाली.

मला हसू आलं. खरंच आलं, ते मी लपवणार नाही. उद्या बाप्तिस्मा घ्यायचा आणि आज क्रुसाला कौल लावायचा! मी म्हटलं, "अगं, पंखा चालू असेल!"

"पंखा बंद केलेला मी. माला काय येडी समजतंस?"

मग हसू गेलं आणि राग आला. तो राग कसला होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढी वर्षं तिने मला काही सांगितलं नाही याचा असेल, किंवा मला कळलं नाही याचा. मी म्हटलं, "मग दुसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरलीस कशाला? सव्वीस वर्षं लोकांसाठी गुडघे टेकलेस ते काय होतं? नाटक केलंस?"

तिने चादरीची कड बोटांत घेतली. मग म्हणाली, "लोकांच्या जेवनाचे तांदूळ भिजत घातलेले गो. येतंय म्हनून सांगितलेला." आणि मग, "नि दुसरा दार खय व्हता माला? त्यानं नाय घेतलान तरी त्याच्याच दारात बसायचा, असा ठरवलं. आत नाय, तर चपलांजवळ."

मी उठून मागच्या दारी गेले. पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिले आणि बारा वर्षांची असताना वडिलांना हात पँटला पुसताना बघितलं होतं ते मला आठवलं. ते आम्हा दोघींनाही आठवत होतं. आणि आत्ता मी खाटेवरच्या बाईला जे बोलून आले होते ते काही कमी नव्हतं.

मला चटकन दुरुस्त करायची सवय आहे. शिक्षकी पेशा. चूक दिसली की लाल पेन. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तगरीच्या दोन कळ्या खुडल्या. भाताच्या पेजेची दाट खळ केली आणि क्रुसाच्या डाव्या हातावरची कळी खळीने चिकटवली, उजव्या हातावरची नुसत्या पाण्याने. तिच्या खाटेवरून दिसेल असा क्रूस पुढच्या खोलीत आणून टांगला. म्हटलं, "आई, सव्वीस वर्षं झाली. आता परत विचारू या." पंखा मी तिच्यासमोर बंद केला. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले, जसं काही माझाच निकाल लागणार होता.

दोन मिनिटांत उजवीकडची कळी पडली. मी टाळी वाजवायच्या बेतात होते.

आई खाली पडलेल्या कळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उजवी देवाची धरतात, बाय. बगणाऱ्याची नाय. तो आपल्याकडं तोंड करून आसतो ना."

मला कळायला क्षण लागला. माझी उजवी ती देवाची डावी. खोटा कौल लावायला गेले आणि तोही उलटा लावला. परत डावी पडली होती.

"आई, खोटं होतं ते! मी खळ लावली होती. खळ लावली होती मी!" मी अक्षरशः ओरडले.

"ठावक हाय. वास येतो खळीचा." तिने माझा हात धरला. "आसूंदे. तू माज्यासाठीच केलंस. लबाडीची उजवी पडली आसती तर माला नको व्हती तशी पन." ती मलाच समजावत होती. पण तिचे डोळे त्या जमिनीवरच्या कळीवरून हलत नव्हते, आणि मला कळत होतं की ती हा कौल धरत नाही म्हणते, तरी धरतेय. त्या दिवशी ती पेजही प्यायली नाही. खळीने चिकटलेली कळी क्रुसावर तशीच राहिली. मला ती काढायचं धैर्य झालं नाही.

त्यानंतर मी तिला काही समजावलं नाही. मला जे काही येत होतं ते संपलं होतं. दुपारी तिला शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, थोडं वाचून दाखवायचे, तेवढं चालू ठेवलं. आम्ही येशूच्या आयुष्याची एक हकिकत सुरुवातीपासून लावली होती, रोज एक भाग. ती ऐकते की नाही मला कळायचं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वधस्तंभापर्यंत आलो. येशूबरोबर दोन गुन्हेगारांनाही खिळतात. एक त्याच्या उजवीकडे, एक डावीकडे. एक त्याला टोचून बोलतो. दुसरा म्हणतो, आपण केलं त्याचं फळ आपण भोगतोय, याने काही केलं नाही. आणि येशूला म्हणतो, तू तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. येशू त्याला सांगतो, तू आजच माझ्याबरोबर असशील. हे मी शंभर वेळा वाचलं असेल, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं असेल.

"थांब," आई म्हणाली. तिचे डोळे उघडे होते. "ज्याला घेतलान तो खयचा?"

"म्हणजे?"

"उजवीकडचा काय डावीकडचा?"

मी म्हणणार होते, उजवीकडचा. चित्रांत तसंच असतं. पण अलीकडेच तोंडघशी पडले होते, म्हणून आधी पुस्तकात बघितलं. ओळीवर बोट ठेवून वाचलं. एक उजवीकडे, एक डावीकडे, एवढंच. मग दुसऱ्या तिघांनी लिहिलेल्या हकिकती काढल्या. त्यांतही नव्हतं.

"नाही लिहिलेलं," मी म्हटलं.

"नीट बग."

"बघितलं, आई. चारही ठिकाणी बघितलं. कोणत्या बाजूचा ते कुणीच लिहिलं नाही."

ती छताकडे बघत होती. अंगणात कोणीतरी काजू भाजत होतं, धूर आत येत होता आणि मी उठून खिडकी लावायलाही धजले नाही.

"म्हंजे डावीकडचा पन आसंल," ती म्हणाली.

"असेल."

"नि त्यानं काय केलान पन नाय. बाप्तिस्मा नाय, चपाती नाय, कोनाची बाळंतपना नाय. हात तर खिळलेले. नुसता बोललान, माजी आठवन ठेव."

"हो."

"कौल नाय लावलान त्यानं. तोंडावर इचारलान." ती वळून माझ्याकडे बघायला लागली. "मी सवीस वरसा कळीला इचारलेला गो. त्याला नाय इचारला."

मला रडू फुटलं होतं, आणि शिक्षिका रडताना फार वाईट दिसते. आईने हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. क्रुसाकडे, त्या वाळक्या कळीकडे बघत म्हणाली, "मी त्यांना तसा बोललंय. ते तसेच गेले. माला काय फेडायला येत नाय. माला पन घे." एवढंच. मग म्हणाली, "खिडकी लाव, धूर येतोय." आणि ती झोपली. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्या घशातून घोरण्याचा आवाज ऐकला.

तिचं दुखणं कमी झालं नाही. उलट त्या आठवड्यात ती फारच खंगली. पण बाकावर नंबरची वाट बघणारा तो चेहरा गेला. रविवारी पाळकसाहेब चार-पाच जणांना घेऊन घरी आले. चपाती मी केली होती, जाड आणि एका बाजूने करपलेली. आईने कडेचा तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "सवीस वरसा चांगली केली तवा खाल्ली नाय, नि आता ही खायची." सगळे हसले. तिने तो तुकडा तोंडात ठेवला आणि विरघळेपर्यंत ठेवला, कारण गिळता येत नव्हतं. कोकमाचा एक चमचा मी ओठांना लावला. मी तेव्हाही रडत होते. तिला इतक्या उशिरा जेवायला बसलेलं बघून मला फार वाईट वाटत होतं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

माझी रजा संपत आली होती. निकालपत्रकांवर सह्या करायला एका दिवसासाठी दापोलीला जाणं भाग होतं. सकाळी जायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दुपारी परत. शेजारच्या काकी आईजवळ बसणार होत्या. त्या हिंदू, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, वडील होते तेव्हापासूनच्या. मी पिशवी खांद्याला लावली, आईच्या कपाळाला हात लावला आणि दाराकडे वळले.

"थांब गो," ती म्हणाली. "वैनी, दह्याची वाटी आना."

काकी माझ्याकडे बघायला लागल्या. आई मला कधी दही देत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी आपल्याच घरून वाटी आणली, साखर घातलेली. मी खाटेजवळ जाऊन हात पुढे केला. आईला चमचा नीट धरता येत नव्हता, अर्धं दही माझ्या मनगटावर सांडलं. ती म्हणाली, "सुखरूप ये." मला तिला सांगायचं होतं की मी नाटक म्हणाले ते मनापासून नव्हतं. पण ते मनापासूनच होतं, तेवढ्या वेळापुरतं, आणि ते तिने ऐकलेलं होतं. ऐकूनही ती दही घालत होती. मी हात चाटला, मनगटसुद्धा चाटलं, आणि बाहेर पडले. पोटात घातलेलं कसं असतं ते मला शास्त्रातून पाठ होतं. हातावर ते त्या दिवशी आलं.

गाडी लोट्याच्या कारखान्यांपाशी थांबली. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक रस्त्यावर येत होत्या आणि आमची गाडी मध्ये अडकली होती. तिथे काकींचा फोन आला. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या सुनेने सांगितलं. मी पिशवी घेऊन उतरले आणि पलीकडे जाऊन रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. दोन गाड्या भरून गेल्या. तिसरीत उभं राहून आले.

घरी पोचले तेव्हा अंगणात चपलाच चपला होत्या. आईला अजून हलवलं नव्हतं. तिच्या उजव्या हाताला पट्टी होती. मी गेल्यावर दवाखान्यातली नर्स येऊन सलाइन लावून गेली होती. डावा हात चादरीवर उताणा होता आणि तळव्यावर काहीतरी पांढरं वाळलेलं होतं. एक बाई कोमट पाण्याचं पातेलं आणि फडकं घेऊन आली होती. मी काकींना विचारलं, हे काय.

काकी म्हणाल्या, "तू गेलीस नि घटकाभरानं माला म्हनाली, वैनी, वाटीत उरलाय काय? माज्या पन हातावर घाला, मी पन निघतंय. माला वाटला, भ्रमात बोलते. उजव्याला सुई, म्हनून डावा पुढं केलान. मी म्हटला, गो डाव्यावर कसा घालू, डाव्यावर घालीत नाय कोन. तर हसली. म्हनाली, घाला वैनी, डावा पन चालतो त्याला."

मी त्या बाईच्या हातातलं फडकं घेतलं. तोंड पुसलं, पाय पुसले, उजवा हात पट्टी सोडवून पुसला. डावा हात कोणाला पुसू दिला नाही.